आठ रविवार, साडेसात हजार रुपये : मानवतावादी मानसशास्त्राचा कोर्स केला, त्याबद्दल सगळं

जून-जुलैत मी पुण्यात एक कोर्स केला, 'मानवतावादी आणि समग्र मानसशास्त्राची ओळख'. आठ रविवार, सकाळी १० ते ४, फी साडेसात हजार, चहा त्यांचा जेवणाचा डबा आपला. शाळेतल्या मैत्रिणींनी आणि ग्रुपवरच्या बऱ्याच जणींनी विचारलं कसा होता, करू का, पैसे वसूल आहेत का, प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि असले कोर्स आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात बरेच निघालेत, त्यातला कुठलाही निवडताना काय बघायचं ते कळलं तरी पुरे.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते, नववीचा वर्ग माझ्याकडे. एकोणीस वर्षं झाली. गेल्या वर्षी वर्गातला एक मुलगा एकदम गप्प झाला, मी त्याला चारपाच वेळा बोलवून घेतलं, समजावलं, अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं, वडिलांना फोन केला, आणि शेवटी तो मला बघून व्हरांड्यातून दुसरीकडं वळायला लागला. मी इतकं सगळं करूनही मूल लांब का गेलं हे मला कळत नव्हतं, मी खरंच त्याचं बरंच व्हावं म्हणून करत होते. म्हणून गेले.

दर रविवारी साताऱ्याहून सकाळची विनाथांबा स्वारगेट गाडी, महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळं ते परवडलं, एका रविवारी खंबाटकीत पावसात अडकले आणि दीड तास उशीर झाला तर शिकवणाऱ्या मॅडमनी चुकलेला भाग जेवणाच्या सुट्टीत मला एकटीला बसवून सांगितला. हे आधीच लिहिते, कारण माणूस म्हणून त्या मॅडमना पूर्ण मार्क. साठीच्या आहेत, स्वतः अनेक वर्षं समुपदेशन करतात, आवाज चढवत नाहीत, आणि वर्गात कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी दोन सेकंद थांबतात. पहिल्या दिवशी मला वाटलं त्यांना ऐकू कमी येतं की काय, नंतर कळलं की ते थांबणं हाच अर्धा विषय आहे.

पहिला रविवार इतिहासाचा. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत मानसशास्त्राचे दोन मोठे गट, एक फ्रॉइडचा मनोविश्लेषणाचा, जो म्हणतो माणूस लहानपणच्या दबलेल्या गोष्टींनी चालतो, दुसरा वॉटसन-स्किनर यांचा वर्तनवाद, जो म्हणतो आतलं काही बघूच नका, बक्षीस आणि परिणाम बघा. या दोघांना कंटाळून अब्राहम मास्लो, कार्ल रॉजर्स, रोलो मे, शार्लोट ब्यूलर असे लोक म्हणाले की अहो माणूस निवड करतो, अर्थ शोधतो, वाढू बघतो, त्याचा अभ्यास कोण करणार? हेच मानवतावादी मानसशास्त्र, आणि म्हणून याला तिसरा प्रवाह म्हणतात. १९६१ ला त्यांचं स्वतःचं नियतकालिक निघालं, १९६४ ला अमेरिकेतच ओल्ड सेब्रूक नावाच्या गावात सगळ्यांची परिषद झाली. हे सगळं एका तासात उरकलं आणि ते ठीकच आहे, तारखा कुठंही वाचता येतात.

पण त्याच दिवशी मॅडमनी रॉजर्सची बटाट्यांची गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. रॉजर्स पोरगा असताना त्यांच्या घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवून ठेवायचे. वर कुठंतरी लहानशी खिडकी, प्रकाश अगदी कमी. तरी त्या बटाट्यांना कोंब यायचे, हिरवे नाही, पांढरेफटक, दोनदोन तीनतीन फूट लांब, सगळे त्या खिडकीच्या दिशेनं. त्यांची कधी रोपं होणार नसायची, बटाटे लागणार नसायचे, पण कोंब उजेडाकडंच. पुढं इस्पितळांच्या मागच्या वॉर्डात वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं बघताना त्यांना ते कोंब आठवायचे, की ही माणसं वेडीवाकडी दिसतात, पण त्यांच्या परीनं उजेडाकडंच जायची धडपड करतायत. आमच्या घरी माळ्यावरच्या पोत्यातले कोंब आलेले बटाटे मी आयुष्यभर खुडून टाकत आले. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत मी वर्गातली एकेक मुलं आठवत होते, तो गप्प मुलगाही, आणि माझ्याकडं बघून वळून जाणं हाही त्याचा कोंबच असेल का असं वाटून गेलं.

दुसरा रविवार मास्लोचा. बी.एड. केलेल्या प्रत्येकानं मास्लो लिहिलेला असतो, त्रिकोण काढायचा, पाच मजले पाडायचे, खाली अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम, मग मानसन्मान, वर आत्मवास्तविकीकरण (म्हणजे आपल्यात जे होण्याची ताकद आहे ते होणं), पाच मार्क पक्के. मराठीत त्याला गरजांची उतरंड म्हणतात आणि मला तो शब्द त्रिकोणापेक्षा कितीतरी बरा वाटतो, एकावर एक मडकी, खालचं मोठं वरचं लहान, आणि खालचं काढलं की वरची सगळी हलतात. तर मॅडमनी सांगितलं की १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोण नाहीच आहे, तो नंतर व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी काढला. आणि मास्लोनं असंही म्हटलेलं नाही की खालची गरज शंभर टक्के भरली की मगच वरची सुरू होते. उलट त्यानं समजवायला म्हणून अंदाजे आकडे दिलेत, सामान्य माणसाची समजा शरीराची गरज ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, स्वाभिमानाची ४०, आणि सगळ्यात वरची १०. म्हणजे सगळं एकाच वेळी अर्धंमुर्धं चालू असतं.

हे ऐकून मी एकदम नववीच्या वर्गात पोचले. आपल्याकडं शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत आलं की बंद. मुलं तीच, भूक तीच, उलट वाढीचं वय. माझ्या वर्गात दुपारच्या सुट्टीत डबा न आणलेली चारपाच मुलं मैदानात फिरत राहतात, कुणाला कळू नये म्हणून. आणि त्यातलाच एकजण भित्तिपत्रकात सगळ्यात सुंदर कविता लिहितो. त्रिकोणाच्या हिशेबानं त्यानं कविता लिहायलाच नको. उतरंडीत मात्र त्याला जागा आहे, वरचं मडकं भरतंय आणि खालच्याला तडा आहे, दोन्ही खरं. मी हे वर्गात बोलून दाखवलं तेव्हा मॅडमनी बोर्डवरचा त्रिकोण पुसला.

आता तिसऱ्या ते पाचव्या रविवारबद्दल, म्हणजे रॉजर्स. यासाठी मी पूर्ण फी पुन्हा भरीन.

रॉजर्स १९२८ पासून बारा वर्षं रॉचेस्टर शहरात त्रासलेल्या मुलांबरोबर काम करायचे. तिथली एक आई. मुलगा हाताबाहेर गेलेला. रॉजर्सच्या मते कारण स्पष्ट होतं, आईनं लहानपणी त्याला मनापासून स्वीकारलं नव्हतं, आणि बैठकीमागून बैठक ते हे तिला हळुवारपणे पटवायचा प्रयत्न करत होते. काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी सांगितलं की आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, थांबूया. तीही कबूल झाली, उठली, दारापर्यंत गेली, आणि मागं वळून विचारलं की तुम्ही इथं मोठ्यांनाही बघता का? हो म्हटल्यावर परत खुर्चीत बसली आणि स्वतःच्या संसाराचं, नवऱ्याचं, पोटातलं सगळं सांगायला लागली, आधीच्या सगळ्या बैठकांत जे आलं नव्हतं ते. तिथून रॉजर्सना कळलं की कुठं दुखतंय ते त्या माणसालाच माहीत असतं, वाट त्याला ठरवू द्या.

मी हे ऐकताना खाली बघत होते. मी त्या मुलाला चार वेळा समजावलं होतं. वेळापत्रकही मीच आखलं होतं.

१९५७ च्या लेखात रॉजर्सनी बदल घडायला लागणाऱ्या सहा अटी मांडल्या, त्यातल्या तीन ऐकणाऱ्याच्या. ऐकणारा खरा असावा, आत एक बाहेर एक नको. समोरच्याचा विनाअट स्वीकार असावा, म्हणजे तू असं केलंस तर चांगला, असं नाही. आणि समानुभूती, त्याच्या जागेवरून बघणं, पण आपण तो नाही हे न विसरता. वाचायला सोप्या वाटतात. मग मॅडमनी तिघातिघांचे गट केले, एक बोलणार, एक ऐकणार, एक नुसतं बघून टिपणार, वीस मिनिटं, मग जागा बदलायच्या. ऐकणाऱ्याला तीनच बंधनं, सल्ला द्यायचा नाही, 'का' विचारायचं नाही, स्वतःची गोष्ट सांगायची नाही. बोलणाऱ्यांनी काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, तो कोर्सचा पहिला नियम होता आणि योग्य होता. माझं सांगते. पहिल्या वीस मिनिटांत मी अकरा वेळा सल्ला दिला. टिपणाऱ्या ताईंनी रेघा मारून ठेवलेल्या, मला खरं वाटेना, मी तर म्हणाले मी फक्त 'मग एकदा बोलून का बघत नाही' एवढंच म्हटलं. तो सल्लाच होता, आणि वर 'का' पण होतं त्यात. 'होईल सगळं ठीक' हासुद्धा त्यांनी टिपलेला, कारण त्यानंतर बोलणाऱ्या बाई गप्प झाल्या होत्या. ठीक होणारच असेल तर अजून काय बोलायचं माणसानं.

तिथं एक मजेशीर अडचण आली, भाषेची, आणि या भागासाठी तरी असा कोर्स मराठीतच करावा असं मी सगळ्यांना सांगेन. स्लाइड सगळ्या इंग्रजीत होत्या (ही तक्रार क्रमांक एक, मराठी माध्यमातून आलेल्या निम्म्या लोकांना त्रास झाला, फी घेताय तर स्लाइड मराठीत करा). त्यातली वाक्यं बघून आम्ही बोलायला लागलो, 'तुम्हाला दुःख झाल्यासारखं वाटतंय असं मला जाणवतंय', आणि ते इतकं कोरडं लागायचं की समोरची व्यक्ती एकदम सावरून बसायची. चौथ्या रविवारी मॅडमनी स्लाइड बंद केल्या आणि म्हणाल्या घरी तुमची आई, आजी काय म्हणते ते आठवा. मग फळा भरला. जीव टांगणीला लागला. पोटात खड्डा पडला. छातीत धस्स झालं. हातपाय गळाले. जीव कासावीस झाला. मन उडालं. डोकं सुन्न झालं. घशाशी आलं. एकीनं 'पायाखालची जमीन सरकली' सांगितलं, कोल्हापूरचे एक काका होते त्यांनी 'काळजाचं पाणी झालं' सांगितलं. यातला नेमका एक शब्द वेळेवर सापडला की समोरचा 'हां, तेच' म्हणतो आणि पुढं बोलायला लागतो. नाही जुळला तर 'नाही, तसं नाही, म्हणजे…' म्हणून स्वतःच बरोबर शब्द शोधतो, आणि तेही कामाचंच. रॉजर्सबरोबर काम केलेल्या यूजीन जेंडलिन यांनी नेमका यावरच अभ्यास केला, की ज्यांना उपचाराचा फायदा होतो ती माणसं बोलताना थांबतात, आत चाचपडतात, शरीरात कुठंतरी धूसर जाणवतंय त्याला शब्द शोधतात. आपल्या भाषेत तर ते शब्द तयारच आहेत, पोट, छाती, काळीज, जीव.

तिसऱ्या रविवारी ग्लोरियाची फिल्म पण दाखवली. १९६५ ला आलेली शैक्षणिक फिल्म आहे, ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित बाई एकाच दिवशी तीन नामवंत उपचारकांशी बोलते, आधी रॉजर्स, मग गेस्टाल्ट उपचाराचे (आत्ता, या क्षणी काय जाणवतंय त्यावर बोट ठेवणारे) फ्रिट्झ पर्ल्स, मग अल्बर्ट एलिस. आता एलिस म्हणजे आपल्याकडं अगदी ओळखीचे, कि. मो. फडके यांच्यामुळं विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी घराघरांत पोचलाय, आमच्या बॅचमध्ये निम्मे लोक त्याच वाटेनं आलेले, 'असंच व्हायला हवं' हा हट्ट सोडा, विचार तपासा, हे सगळ्यांना पाठ. त्यामुळं फिल्म संपल्यावर वर्गात चांगलाच वाद झाला. ग्लोरिया रॉजर्सना सरळ प्रश्न विचारते, लहान मुलीला आपल्याबद्दलचं खरं सांगू की नको, आणि रॉजर्स उत्तर देत नाहीत, तिच्या घालमेलीबरोबर बसून राहतात. एक जण वैतागून म्हणाले की फी घेऊन उत्तर देत नाही हा कसला डॉक्टर. माझ्याही मनात तेच होतं खरं तर. पण बघता बघता ती स्वतःच सांगायला लागते की तिला मुलीशी खोटं बोलणंच जास्त टोचतंय. एलिसना रॉजर्सच्या अटी आवश्यक वाटत नव्हत्या, त्यांनी तसं लिहिलंही, पण स्वतःला आणि दुसऱ्याला विनाअट स्वीकारा हे तेही सांगायचेच. मला वाटतं आपल्याकडं एलिस आधी आले म्हणून आपल्याला विचार दुरुस्त करायची घाई असते, आधी ऐकून घ्यायचा भाग आपण गाळून पुढं गेलो. ही माझी समजूत आहे, मॅडम यावर फक्त हसल्या.

पाचव्या रविवारी मी घरी घडलेलं सांगितलं ते इथंही सांगते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई रोज संध्याकाळी त्यांच्या शेवटच्या दिवसाची तीच गोष्ट सांगते, रिक्षा कशी मिळाली नाही, शेजारी कसे आले. मी रोज म्हणायचे, जाऊ दे आई, आता किती दिवस तेच. त्या आठवड्यात मी काही म्हटलं नाही, नुसती बसले. तर दहा मिनिटांनी आईच म्हणाली, "अगं आज बोलत का नाहीस? बरं नाही का तुला? माझ्यावर चिडलीयेस?" मला कळेना काय करावं. आपल्याकडं सल्ला हीच माया असते, बोलणं थांबलं की माणसाला वाटतं हिचं लक्ष नाही. मी घाबरून एवढंच म्हटलं, "नाही गं, त्या रिक्षाचंच मनात घोळतंय. तुझा जीव अजून तिथंच त्या कोपऱ्यावर उभा आहे ना?" आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी आधी शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती, मी रिक्षेच्या मागं का गेले. दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ती गोष्ट रोज तिथं येऊन थांबायची आणि मी रोज तिथंच तिला अडवायचे.

मॅडमना विचारलं की मग अमेरिकेतल्या पद्धतीनं गप्प बसणं आपल्या घरात चालेल का? त्यांनी सांगितलं की रॉजर्सनी गप्प बसा असं सांगितलंच नाही, आणि हातावर हात ठेवणं, पाणी आणून देणं, 'हूं' म्हणणं, हे आपल्याकडचं ऐकणंच आहे. हे उत्तर मला पटलं.

सहावा रविवार निम्मा व्हिक्टर फ्रँकल यांचा. व्हिएन्नाचे डॉक्टर, ज्यू म्हणून नाझींच्या चार छावण्यांतून गेले, आई, वडील, भाऊ, बायको सगळे गेले, परत आल्यावर १९४६ ला त्यांचं पुस्तक आलं, माणसाची मुख्य ओढ अर्थाची असते हा त्यांचा विचार. चांगला झाला हा भाग, फक्त एक गोष्ट मॅडमनी ठासून सांगितली ती लिहिते, फ्रँकल यांनी दुःख सोसावंच लागतं असं म्हटलेलं नाही, टाळता येणारं दुःख आधी टाळायचं. त्यामुळं दुःखात असलेल्या माणसाला 'यातून काहीतरी अर्थ शोध' असं बाहेरून सांगायला जाऊ नये.

आणि आता सातवा आणि आठवा रविवार, 'समग्र दृष्टिकोन'. इथं माझी मोठी तक्रार आहे.

या दोन दिवसांना मॅडम नव्हत्या, बाहेरचे पाहुणे होते. पहिल्या अर्ध्या तासात शरीर-मन-आत्मा असं एक वर्तुळ दाखवलं आणि मग थेट स्फटिक, तळहातावरून ऊर्जा मोजणं, कुठल्या रंगाची चादर वापरावी, आणि दुपारी पंधरा हजारांच्या पुढच्या शिबिराचा फॉर्म. दोघीजणींनी भरलाही. मला कुणाच्या श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही, माझी आईही रोज पोथी वाचते आणि तिला त्यानं खरोखर शांत वाटतं. पण मानसशास्त्राच्या नावाखाली फी घेतलीत तर मानसशास्त्रातला 'समग्र' शिकवा, तो इतका मोलाचा आहे, आणि तो या दोन दिवसांत आलाच नाही. मग मी घरी येऊन वाचलं, ग्रंथालयातून आणून, आणि जे तिथं मिळायला हवं होतं ते थोडक्यात इथं देते.

कुर्ट गोल्डस्टाइन नावाचे जर्मन मेंदूतज्ज्ञ होते. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले सैनिक फ्रँकफर्टला त्यांच्याकडं यायचे. तेव्हाची समजूत अशी की मेंदूचा एक तुकडा गेला की एक काम जातं, यंत्राचा पार्ट काढावा तसं. गोल्डस्टाइन यांनी ही माणसं महिनोन् महिने रोजच्या जगण्यात बघितली आणि त्यांना दिसलं की तसं होत नाही, जखम एका जागी असली तरी अख्खा माणूस बदलतो, आणि अख्खा माणूस नव्यानं घडी बसवू बघतो. हे सैनिक आपलं सामान कमालीचं नीटनेटकं ठेवायचे, वस्तू जरा हलवली तरी कासावीस व्हायचे. वरवर पाहणारा म्हणेल हे आणखी एक लक्षण. गोल्डस्टाइन म्हणाले, जेवढं आपल्याला पेलवतं तेवढंच जग हा माणूस भोवती मांडून घेतोय, ती त्याची जगायची धडपड आहे. १९३३ ला नाझींनी त्यांना अटक केली, देश सोडावा लागला, ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी आपला ग्रंथ पूर्ण केला आणि तो १९३४ ला आला. आत्मवास्तविकीकरण हा शब्द त्यांचा, मास्लोनं तो त्यांच्याकडून घेतला. बी.एड.च्या त्रिकोणातला सगळ्यात वरचा मजला मुळात डोक्यात गोळी घेऊन जगणाऱ्या सैनिकांकडून आलाय, हे मला एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

तशीच गेस्टाल्ट मानसशास्त्राची मंडळी, माक्स व्हेर्टहायमर वगैरे, १९१२ पासूनची, पर्ल्सच्या उपचाराच्या कितीतरी आधीची (गेस्टाल्ट म्हणजे जर्मनमध्ये आकृती, अख्खी मांडणी). गाण्याची चाल घ्या. पट्टी बदलली की प्रत्येक सूर बदलतो तरी चाल तीच ओळखू येते, म्हणजे चाल सुरांच्या बेरजेत नसते, मांडणीत असते. तसंच माणसाचं, सुटी लक्षणं मोजून माणूस कळत नाही. आणि १९७७ ला जॉर्ज एंगेल या डॉक्टरांनी सांगितलं की आजार बघताना शरीर, मन आणि भोवतीचा समाज तिन्ही बघा, आज मोठ्या इस्पितळांत शिकवतात ती हीच चौकट. गंमत म्हणजे एंगेलही रॉचेस्टरचेच, जिथं त्या आईनं दारातून मागं वळून बघितलं होतं.

हे सगळं त्या फळ्याला जाऊन जुळतं. पोटात खड्डा पडला म्हणणारी आजी शरीर आणि मन वेगळं करतच नाही. आणि तो गप्प मुलगा, त्याच्याकडं बघताना मी मार्क बघितले, हजेरी बघितली, डबा आणतो का ते बघितलंच नव्हतं. घरी कोण आहे ते रजिस्टरमध्ये होतं तेवढंच माहीत. हेच ना समग्र? त्यासाठी स्फटिक लागत नाही.

आणखी एक राहिलं. या विचाराच्या उणिवांवर कोर्समध्ये जेमतेम दहा मिनिटं बोलले. एका ताईंनी फार चांगला प्रश्न विचारला होता, की रॉजर्स म्हणतात तुझं आतलं ऐक, पण सात माणसांच्या घरात सून म्हणून राहणाऱ्या बाईला आतलं ऐकून नोकरी सोडता येते का, माहेरी जाता येतं का? पाहुण्यांनी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून तो विषय संपवला. खरं तर मानवतावादी विचारावर हा जुना आक्षेप आहे, तो एकट्या माणसाकडं बघतो, पैसा, जात, घरातली सत्ता याकडं कमी बघतो. दुसरा आक्षेप मोजमापाचा, की यातलं काही मोजता-तपासता येत नाही, तिथं मात्र मी रॉजर्सची बाजू घेईन. समुपदेशनाच्या बैठका बाहेरच्याला कुणी ऐकूही देत नसताना त्यांनी त्या रेकॉर्ड केल्या आणि १९४२ च्या पुस्तकात एक अख्खी केस शब्दन् शब्द छापली, या, तपासा म्हणून. हवेत बोलणारा माणूस असं करत नाही.

आणि सर्टिफिकेटबद्दल. शेवटच्या दिवशी ते मिळतं, छान जाड कागद, आणि आमच्या बॅचमधल्या एकांनी आठवड्यात 'समुपदेशक' म्हणून कार्ड छापली. कृपा करून असं करू नका. अठ्ठेचाळीस तासांत आपण ऐकायला शिकायला सुरुवात करतो, बस. कुणी जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, भलते आवाज ऐकू येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि रात्री-अपरात्री सरकारची टेलि मानस सेवा आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. कोर्सवाल्यांनी हा नंबर एकदाही दिला नाही, मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलाय.

मार्क द्यायचे तर पहिल्या सहा रविवारना पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो इंग्रजी स्लाइडचा. शेवटच्या दोनला एक, तोही चहाचा नाही तर बॅचमधल्या माणसांचा, कारण त्या दोन दिवशी आम्ही मागच्या बाकांवर तिघातिघांचा सराव चालू ठेवला. जागा सदाशिव पेठेत, पार्किंग नाही, स्वच्छतागृह एकच पण स्वच्छ, खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठदुखी असेल तर उशी न्या. कुठलाही असा कोर्स निवडताना तीन गोष्टी आधी फोनवर विचारा, सराव किती तास आहे, शिकवणारे स्वतः समुपदेशन करतात का, आणि पुढचं महागडं शिबिर गळ्यात मारतात का. सराव निम्म्यापेक्षा कमी असेल तर नका जाऊ, नुसतं वाचायचं असेल तर ग्रंथालय आहे.

त्या मुलाबद्दल दोघीतिघींनी विचारलं. तो आता दहावीत आहे, त्याचं त्याच्यापाशी. मी दुपारच्या सुट्टीत मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर डबा घेऊन बसते, दोन पोळ्या जास्त असतात. कोण येतं कोण नाही, मी बोलवत नाही.

साताऱ्यातल्या ज्यांना सराव करायचाय त्यांच्यासाठी, महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी चार, आम्ही सध्या पाचजणी आहोत, तिघींचे दोन गट व्हायला एक कमी पडते.